प्राइमर न मारलेली पाटी

देशाच्या औद्योगिक धोरणाने या गावात आजवर दोनच माणसांना काम दिलं होतं. एक कारखान्याच्या फाटकावरची पाटी रंगवणारा रंगारी, आणि दुसरा त्या पाटीखाली बसणारा रखवालदार, त्याचाच धाकटा भाऊ.

एके काळी इथे पाण्याचे पंप बनायचे आणि रंगारी रंगखात्यात होता. बाहेरचे पंप स्वस्तात येऊ लागले तसा कारखाना धापा टाकू लागला आणि शेवटी बसला. तेव्हापासून येईल तो मंत्री त्यात प्राण फुंकू लागला. प्राण फुंकायचे म्हणजे योजनेला नवं नाव द्यायचं, फीत कापायची, फोटो काढून घ्यायचे आणि गाडीत बसून पसार व्हायचं. आत यंत्रं भंगारात गेलेली, छपरात पारवे. पाटी तेवढी कोरी करकरीत.

पहिल्या पाटीच्या वेळी रंगारी हुरळून गेला होता. जुना रंग त्याने पत्र्यापर्यंत खरवडला, रंग धरून राहावा म्हणून आधी प्राइमर मारलं, नीट वाळू दिलं. त्याच भरात परगावी निघालेल्या भावाला त्याने अडवलं. घरचा कारखाना उघडतोय आणि तू कुठे चाललास, म्हणाला. भाऊ थांबला, आणि रिकाम्या शेडची राखण करता करता म्हातारा झाला. रंगाऱ्याला त्याच्याकडे धड बघवत नसे.

यंदाचं नाव होतं 'राष्ट्रीय उत्पादन महासंकल्प'.

"'महा' जरा मोठं काढा," उद्योगखात्याच्या साहेबाने बजावलं होतं.

बाकी मोठं असं यात आहे तरी काय, असं मनात म्हणत रंगाऱ्याने फाटकाच्या आत, भिंतीला टेकवलेल्या पाटीवर ब्रश टेकवला. तेवढ्यात त्याची मुलगी जेवणाचा डबा घेऊन आली. ती वेल्डर होती. दूरच्या बंदरातल्या गोदीतून तिला बोलावणं आलं होतं आणि हो-नाही आजच कळवायचं होतं.

"नको जाऊस," तो म्हणाला. "या खेपेला खरं दिसतंय. वेल्डर लागणारच त्यांना. घरचं खाऊन काम करशील."

"काका तेच करतायत की."

"त्याचं वेगळं होतं."

मुलीने पाटीच्या कोपऱ्यावर नख ओढलं. काल दिलेला नवा रंग सालीसारखा सुटला आणि खालून मागच्या अभियानाचा 'भि' डोकावला.

"बाबा, प्राइमर नाही मारलंत?"

"संपलं होतं."

प्राइमरचा डबा त्याच्या पायाशीच होता. तिने उचलून पाहिला. भरलेला होता, झाकणही उघडलेलं नव्हतं. जे टिकवायचं त्यालाच प्राइमर, हे त्यानेच तिला लहानपणी शिकवलं होतं. तिने डबा जागेवर ठेवून दिला.

रंगाऱ्याला स्वतःची किळस आली. मंत्र्यांना तो उठताबसता थापाडे म्हणायचा. ते निदान लोकांच्या पोरांना थापा मारत होते.

"फोन लाव त्यांना," तो पाटीकडे बघत म्हणाला. "येते म्हणून सांग."

तिने तिथेच उभं राहून फोन लावला. बोलणं संपलं तेव्हा रखवालदार स्टुलावरून उठला आणि त्याने गंजलेलं फाटक दोन्ही हातांनी ढकलून तिच्यासाठी उघडं धरलं. कामाला निघालेलं माणूस त्या फाटकातून जाण्याची कित्येक वर्षांतली ती पहिलीच वेळ होती.