शेपटाची बढती

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात आणि भाऊजी घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवतात. टेबलावर पंधरा-वीस जबडे आ वासून पडलेले असतात आणि त्यांच्या मधोमध भाऊजींचा चहाचा कप. हात इतका स्थिर की दात केसभरही तिरका बसत नाही. तोच हात सायकलच्या हँडलवरून दोन वर्षांत एकदाही सुटला नव्हता, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

आमचा सायकलचा गट आहे. रविवारी सकाळी नवशिक्यांची फेरी निघते, बागेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. सगळ्यांच्या पुढे मी असते. नियम दोनच. पुढच्याने जे केलं ते मागच्याने करायचं: त्याने हात बाहेर काढला की वळायचं, मूठ वर केली की थांबायचं, आणि तीच खूण आपल्या मागच्याला द्यायची. दुसरा नियम, कोणालाही मागे टाकायचं नाही. त्यासाठी सर्वांत शेवटी एक अनुभवी माणूस लागतो. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. दोन वर्षं आमचं शेपूट भाऊजी होते.

शेपटाला मान फार. सगळे निघेपर्यंत भाऊजी फाटकाशी थांबायचे. टाकीपाशी सर्वांनंतर पोचायचे आणि कितीतरी वेळ विजेच्या खांबाला धरून उभे राहायचे. "मागे कोणी राहिलंय का ते बघतात हो," असं मी नव्या लोकांना भक्तिभावाने सांगत असे. माझ्याच अकलेचं दिवाळं. घरी ताईपुढे तर त्यांच्या बढायांना ऊत यायचा. आज उतारावर एका हाताने चालवली, आज दोन्ही हात सोडले. ताई कपडे वाळत घालता घालता "हो का" म्हणायची.

मग मी घसरून पडले आणि माझा हात प्लास्टरमध्ये गेला. सायकलवरून नाही, न्हाणीघरात. यावर गटातल्या लोकांचं हसून झालेलं आहे, तेव्हा आपण पुढे जाऊ.

नेमकी त्याच आठवड्याच्या रविवारी ताई पहिल्यांदा येणार होती. ताई चौथीत असताना सायकलवरून पडली आणि त्यानंतर चाळीस वर्षं तिने पेडलला पाय लावला नाही. तीन महिने मागे लागून मी तिला मैदानात शिकवलं होतं. तिची अट एकच होती: "एकदा येऊन बघते. नाही जमलं तर पुन्हा माझ्यापुढे सायकलचं नाव काढायचं नाही." ताई बोलते तशी वागते. आणि मला ती यायला हवी होती. मुलं लांब गेल्यापासून ती दिवसभर शब्दकोडी सोडवते, तीही चुकीची.

"तुम्ही पुढे व्हा," मी भाऊजींना म्हटलं. "शेपूट आम्ही होऊ. आमचे हे स्कूटर चालवतील, मी मागे बसते."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी संध्याकाळी ते एकटेच आमच्या स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसून सगळं ओकले. सायकल त्यांना चालवता येते. सुरू करता येत नाही आणि थांबवता येत नाही. चढायला पायरी लागते, उतरायला खांब. हँडलवरचा हात सुटला की संपलं. मागे बघायला कोणी नव्हतं, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली होती.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही माणसं नाही, खांब बघत होतात?" माझा पारा चढला होता.

"मला हसशील तर हस," भाऊजी म्हणाले. "पण हिच्यादेखत मी पडलो, तर ही परत सायकलला हात लावणार नाही."

पण ऐनवेळी दुसरं कोणी मिळणार नव्हतं, तेव्हा पुढे भाऊजीच.

रविवारी भाऊजी फाटकाच्या पायरीवर पाय ठेवून सायकलवर चढले. नियम पाठ असल्यामुळे मागच्या नऊ जणांनीही आपापल्या सायकली त्या एकाच पायरीशी आणल्या. रांग लागली. भाऊजींना थांबता येत नव्हतं, म्हणून सगळे चढेपर्यंत त्यांनी बागेला दोन फेऱ्या मारल्या.

पहिल्या वळणावर त्यांनी हाताऐवजी कोपर बाहेर काढलं, कोंबडीने पंख उचलावा तसं. मागे नऊ कोपरं बाहेर आली. पुढे त्यांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी जोरजोरात मान हलवली. नऊ माना हलल्या. सर्वांत मागे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी तर ही खूण आमच्या स्कूटरलासुद्धा दिली.

टाकी आली. भाऊजी "खांब!" असं ओरडले आणि खांबाला मिठी मारली. त्यांच्या मागोमाग ताईने त्याच खांबाला पलीकडून मिठी मारली. बाकीच्यांनी झाड, पाटी, टाकीची शिडी, जे हाती लागेल ते धरलं. मुख्याध्यापकांच्या वाट्याला काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी तिथे व्यायाम करणाऱ्या एका गृहस्थांना धरलं. पडलं मात्र कोणी नाही. एवढ्या वर्षांत कोणीच न पडलेली ही आमची पहिली फेरी.

मी स्कूटरवरून उतरून धावत गेले. खांबाच्या दोन बाजूंना दोघं नवरा-बायको, आणि भाऊजींचा चेहरा पडलेला.

"ऐक," ते म्हणाले. "मी तुला सांगत होतो ते सगळं खोटं आहे. मला साधं उतरतासुद्धा येत नाही."

"माहितीय," ताई म्हणाली.

"कधीपासून?"

"दोन वर्षांपासून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपलं फाटक दिसतं. दर रविवारी त्याला मिठी मारून उतरता. फाटक वाकलंय एका बाजूला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मी म्हटलं, इतकं येत नसून हा माणूस दर रविवारी जातो." ताईने खांब आणखी घट्ट धरला. "म्हणून तर आले. तुम्हाला खरंच येत असतं, तर मी कशाला आले असते?"

मी प्लास्टर बघायला लागले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

परतताना भाऊजी पुढे, त्यांच्यामागे ताई. निम्म्या वाटेवर ताई मोठ्याने म्हणाली, "पुढच्या रविवारी टाकीच्या पुढे जाऊ या. तिकडे खांब आहेत ना?"

भाऊजींचा कानांवर विश्वास बसेना. "काय?" म्हणत त्यांनी हात वर केला. अख्खा हात, हँडलवरून काढून. सायकल डुलली, पण पडली नाही. ताईचा हात काही सुटला नाही, तिने नुसतं कोपर हलवलं. तिच्यामागे ओळीने आठ हात वर झाले, आणि सर्वांत शेवटी स्कूटरवर मी माझा प्लास्टरमधला हात वर केला.