सही शकूची होती

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही नाही. सांगतोय.

लातुरात मी क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवतो. हृदयाचा धडा माझा हातखंडा. पुस्तक न उघडता फळ्यावर चारही कप्पे काढतो. आमचे अण्णा निलंग्याकडं शेती करायचे. मुखेडला माझ्या धाकट्या बहिणीकडं, शकूकडं गेले असताना त्यांना झटका आला. नांदेडला दाखल केलं. चौथ्या दिवशी एकदम धाप लागली, अंग गार पडलं. सर्जन म्हणाले, मेलेला स्नायू फाटलाय, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलंय. ठिगळ लावून शिवावं लागेल. पण कडा ओल्या कागदासारख्या झाल्यात, टाका धरेलच असं नाही. टेबलावरही जाऊ शकतात. आणि ऑपरेशन नाही केलं तर — ते मला वेगळं सांगायला हवं होतं का?

त्यांनी संमतीचा कागद माझ्यापुढं केला.

सगळ्यांत जास्त मलाच कळत होतं ना? तरी हात उचलेना. सही माझी आणि अण्णा गेले, तर लोक काय म्हणतील — हो, हेच मनात आलं. "क्लासला फोन करून येतो," म्हणालो आणि एसटी स्टँडवर जाऊन बसलो. दोन तास.

परतलो तेव्हा अण्णांना आत नेलं होतं. सही शकूनं केली होती. सातवी शिकलेली शकू. वर मीच चिडलो — मला विचारायचं तरी!

"दादा," ती म्हणाली, "भूकंपात भिताडाखालून मला उकरताना अण्णांनी इचारलं व्हतं का कुणाला, ही वाचंल का म्हणून?"

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. मेलेला भाग सोडून, दूरवरच्या जित्या स्नायूत एकेक टाका घेतला होता त्यांनी. उभं राहवत नव्हतं, तरी आधी शकूकडं गेले. "धरले टाके," एवढंच म्हणाले. काय माणूस!

अण्णा पुढं अकरा वर्षं जगले. गावात म्हणायचे, पोरगं शिकलेलं, म्हणून धाडसानं सही केली. मी नाही म्हणालो नाही. नंतर तर वर्गात स्वतःच सांगू लागलो — सही करताना माझा हात थरथरला नाही. पोरं टाळ्या वाजवायची.

एकदा पंचमीला शकू माहेरी आली असताना अण्णांनी तिच्यासमोरच माझं कौतुक केलं. मी ताटात बघत राहिलो. "हाव अण्णा, दादाला लई कळतंय," ती म्हणाली आणि त्यांना भात वाढला. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

सही मीच केली, असं समजूनच अण्णा गेले. शकूनं कधी सांगितलं नाही. मी सांगू शकलो असतो. अकरा वर्षं होती.