पातेलं कल्हईला दिलंय

आमच्या वारज्याच्या कॉलनीत विहाराच्या मागे एक खोली आहे आणि त्या खोलीत सगळ्यांच्या मालकीची भांडी आहेत. पितळेची दोन पातेली, एक मोठं आणि एक लहान, स्टीलची ताटं, कप, सतरंज्या आणि एक झारा, ज्याच्यावरून आजवर बऱ्याच घरांचं एकमेकांशी बोलणं बंद झालंय. कुणाकडे कार्य निघालं की भांडी इथून जातात. खोलीची किल्ली माझ्या आईकडे असते. ती तिला कुणी दिली हे आता कुणालाच आठवत नाही, पण परत मागायची हिंमतही कुणाची नाही.

भांडी नेताना बायका आईला कारण सांगायच्या, आणि तेही कानात. मुलीला बघायला येणार आहेत पण अजून पक्कं नाही. दिराशी वाटणीचं बोलायचंय, चार माणसं जेवायला आहेत. आई ऐकून घ्यायची, भांडी मोजून द्यायची आणि विषय तिच्यापुरता संपायचा. मागाहून कुणी विचारलंच, "काकू, मोठं पातेलं कुणी नेलं हो?" तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "कल्हईला दिलंय." ती म्हणाली तितक्या वेळा खरंच कल्हई झाली असती, तर त्या पातेल्यात पितळ कमी आणि कथीलच जास्त निघालं असतं. एकदा तर तिने स्टीलची ताटं कल्हईला दिल्याचं सांगितलं. स्टीलला कल्हई करत नाहीत हे विचारणाऱ्या बाईंनाही माहीत होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि घरी गेल्या. कल्हई म्हणजे पुढे विचारू नका, हे कॉलनीत न सांगता कळायचं.

मला मात्र हा सगळा कारभार बघवत नव्हता. मी आयटीत आहे, आणि आम्हाला सुरळीत चाललेली गोष्ट दिसली की हात शिवशिवतात. त्यात आईने एकाच रविवारी एकच पातेलं दोन घरांना कबूल केलं. त्यातल्या एक शेजारच्या काकू. काकूंचा आवाज असा, की त्या घरात भांडल्या तरी रस्त्यावरचा रिक्षावाला मान डोलावतो. पातेल्यावरून जुंपलेल्या भांडणाचा मी फायदा घेतला आणि जाहीर केलं की आपण ॲप बनवू.

हल्ली ॲप बनवायला कोड लिहावा लागत नाही. एका साइटवर जायचं, चौकोन ओढायचे, सोडायचे, त्यांना नावं द्यायची. मेथी निवडायला लागतं तेवढंच डोकं लागतं. मग दुसऱ्या एका साइटवर साखळी जोडायची, हे झालं की ते कर. ॲपमध्ये भांड्याची नोंद पडली की कॉलनीच्या ग्रुपवर आपोआप मेसेज जाणार, म्हणजे काय कुठे आहे ते सगळ्यांना दिसणार आणि भांडण मिटणार. पहिल्या खेपेला माझी साखळी चुकून ऑफिसच्या ग्रुपला जोडली गेली. तिथे "मोठं पातेलं एक, झारा एक" असा मेसेज गेला, आणि आमच्या मॅनेजरने न वाचता त्याला मंजुरी दिली.

ॲपमध्ये मी 'कारण' नावाचा एक रकाना टाकला होता. तो भरल्याशिवाय नोंदच होत नसे.

"कारण कशाला?" आई म्हणाली. "भांडं स्वयंपाकालाच लागतं."

"डेटा असलेला बरा असतो, आई."

"असू दे मग. ठेवणार कुठे आहेस, तेवढं बघ."

मी अर्थातच बघितलं नाही. कॉलनीने ॲप आनंदाने उचलून धरलं. "पातेलं एक. कारण: भात." "ताटं वीस. कारण: नणंद येतेय, इलाज नाही." "सतरंजी. कारण: तुम्हाला काय करायचंय?" हा शेवटचा मेसेज एका निवृत्त हेडमास्तरांचा होता. आईच्या कानात येऊन सांगणं मात्र बंद झालं. ती किल्ली द्यायची, घ्यायची, आणि थोडी मोकळी मोकळी दिसायची. मला वाटलं तिला आराम मिळाला.

आता माझ्याबद्दल. मी तिशी ओलांडली होती आणि माझ्या आयुष्यात एक माणूस होता, ऑफिसातलाच. मूळचा विदर्भातला, राहायला वाघोलीत. मी वारज्यात आणि तो वाघोलीत म्हणजे प्रेमातला निम्मा वेळ नुसता सिग्नलला जायचा. खडकवासल्याला जावं तर कॉलनीतलं कुणी ना कुणी तिथे कणीस खाताना भेटायचंच. तो आमच्या समाजातला नव्हता, म्हणून मी घरी अजून तोंड उघडलं नव्हतं. अख्ख्या कॉलनीने आपली गुपितं माझ्या आईकडे आणून ठेवली होती. एक मीच काय ती राहिले होते.

एके दिवशी ऑफिसात डबा खाताना फोन वाजला. माझ्याच साखळीचा मेसेज होता. "ताटं तीस, मोठं पातेलं एक. रविवारी. नेणार: किल्लीवाल्या काकू. कारण: मुलीची पसंती."

किल्लीवाल्या काकू म्हणजे आई. तिला मुलगी एकच. माझी पसंती होती आणि ती मला माझ्याच ॲपने कळवली होती. खाली मंगल कामनांची रांग लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मलाही हेच विचारायचं होतं. समोर बसलेल्या त्याला मी फोन दाखवला. त्याने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "तीस ताटं? नुसतं बघायला?"

मला भयंकर राग आला. आईला फोन करायचं सोडून मी ॲप उघडलं आणि नोंद टाकली, "रविवारची भांडी रद्द. कारण: मुलीला विचारलेलं नाही."

ग्रुप गप्प झाला. आमची कॉलनी गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. आणि मग माझ्या लक्षात आलं. जिने या सगळ्यांची झाकली मूठ वर्षानुवर्षं सांभाळली, तिला मी त्या सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं. मेसेज पुसायला गेले, तर तो साखळीने टाकलेला, माझ्या हाताने पुसला जाईना. दुपारभर मी कामाच्या नावाखाली फोनकडे बघत बसले.

ऑफिस सुटायच्या सुमाराला नवी नोंद आली. "कप दोन. आज संध्याकाळी. नेणार: किल्लीवाल्या काकू. कारण: मुलीला विचारायचं आहे."

आमच्या घरी कप भरपूर आहेत.

घरी पोचले तेव्हा टेबलावर विहाराचे दोन कप होते. आईने खरोखर खोली उघडून ते आणले होते.

"तुझ्या मामाने ठरवलं," ती म्हणाली. "तुला तोंडाने सांगायचा मला धीर होईना. ते ॲप तू रोज बघतेस, म्हटलं वाचशील. ते सगळ्यांना जातं हे मला काय माहीत? त्या ग्रुपचा आवाज मी बंद करून ठेवलाय, उघडतच नाही. रोज सकाळपासून नुसती गुड मॉर्निंगची फुलं येतात."

मी माफी मागितली. तिने हाताने उडवून लावली आणि चहा ओतला.

"आता सांग. कुणी आहे का?"

मी सांगितलं. विदर्भातला आहे, वाघोलीत राहतो, आपल्यातला नाही. आईने चहावरची साय चमच्याने बाजूला केली. मला तिच्या तोंडून नाही ऐकायची फार भीती वाटत होती.

"वाघोली?" ती शेवटी म्हणाली. "एवढ्या लांब?"

"आई."

"मामाला पचायचं नाही हे."

"आणि तुला?"

"मला जरा वेळ लागेल. रविवारचं मी कळवते मुलाकडच्यांना. तोवर कुणाकडे बोलू नकोस." मग चहाचा घोट घेऊन तिने विचारलं, "जेवणाखाण्याला कसा आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी ग्रुपवर सरळ विचारलं, "काय सांगितलं मग मुलीने?" त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. सगळी कॉलनी उत्तराची वाट बघत होती हे उघड होतं. मी आईला मेसेज दाखवला. तिने चष्मा लावला, स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मग माझा फोन वाजला.

"कप दोन, परत. कारण: कल्हई."

थोड्या वेळाने काकूंनी खाली लिहिलं, "बरं."