पाच डझनांची पेटी

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — बहुतेक तुम्ही ताहिराला ओळखत नाही म्हणून.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ आमचं छोटं ऑफिस आहे, सात जणांचं. आंबा बागायतदारांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. पेटी कुठे चालली, आत फळं किती, ते चिठ्ठीवर छापून येतं. मागे सरांनी एक एआय टूल घेतलं. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, कोड ते लिहितं. त्याच्यासाठी सूचनांची एक फाइल असते. प्रत्येक कामाआधी ते ती वाचतं. ती फाइल मी लिहिली, कारण ऑफिसात आंब्याच्या घरातला मी एकटाच. मोठ्या तोऱ्यात लिहिली.

मग टूल ताहिराकडे आलं. राजिवड्याची मुलगी, वडील कुवेतला बोटीवर, घरातून ऑफिसात नोकरीला लागलेली ही पहिलीच. सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम जमलं तर कायम. मला दादा म्हणायची.

आणि चिठ्ठ्या चुकायला लागल्या. फळ मोठं असेल तर पेटीत चारच डझन बसतात, बारीक असेल तर सहा-सात. चिठ्ठीवर मात्र सगळीकडे पाच. ताहिरा कोड दुरुस्त करायची, पुढचा कुठलाही बदल सांगितला की टूल परत पाच घालायचं.

"दादा, मी पाच कुठे लिवलेलंच नाय ओ. मग हे येतंय कुठनं?"

मलाही कळत नव्हतं — खरंच नव्हतं. टूलचं काहीतरी बिघडलंय, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. तिसऱ्या दिवशी सहज ती फाइल उघडली. वरून नववी ओळ: 'एका पेटीत पाच डझन आंबे धरावेत.' माझी ओळ. आमचे बाबा मालगुंडला एका मापाचं फळ निवडून पाच डझनीच पेटी भरतात, उरलेलं कॅनिंगच्या कारखान्याला देतात. दुसऱ्यांकडे वेगळं चालतं हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. मग लिहिताना ते कुठे गेलं होतं?

मी फाइल बंद केली. त्याच दुपारी ताहिराने विचारलं, ती फाइल एकदा बघू का? माझी म्हणून तिने आपणहून उघडली नव्हती.

"बघितली मी," मी म्हणालो. "त्यात काही नाही."

का म्हणालो? माझी नोकरी जाणार नव्हती. सर फार तर हसले असते — आंबेवाल्याचा मुलगा आणि पेटीत गंडला. त्या हसण्याला घाबरलो? एवढंच? पुष्कळदा उलटसुलट करून बघितलं, याहून मोठं कारण सापडत नाही.

शुक्रवारी एक बागायतदार आले. त्यांच्या चार डझनी पेट्या वाशी मार्केटला पोचल्या, चिठ्ठीवर पाच — व्यापाऱ्याने त्यांना चारचौघांत चोर म्हटलं होतं. म्हातारा माणूस, ती चिठ्ठी त्याने ताहिराच्या टेबलावर ठेवली. ताहिराने मान खाली घालून त्यांची माफी मागितली. मी शेजारच्याच टेबलावर होतो.

शनिवारी सरांनी तिला सांगितलं, हे काम तुला झेपत नाही, सोमवारपासून येऊ नकोस. सोमवारी मी ती ओळ काढली. चिठ्ठ्या बरोबर आल्या. "तुझ्या हाताला यश आहे," सर म्हणाले, आणि मी हसलो. हो, हसलो. फाइलमध्ये कोणी काय बदललं त्याची नोंद राहते, नावासकट. ती अजून तिथेच आहे. बघायचं कोणाला सुचलं नाही.

तिची वही टेबलाच्या खणात राहिली. चूक कुठे असेल म्हणून काय काय तपासलं, ते तिने ओळीने लिहिलंय. जे ठीक निघालं त्यापुढे बरोबरची खूण. शेवटची ओळ: 'सूचनांची फाइल — दादांनी बघितली.' तिच्यापुढची खूण तिने दोनदा गिरवली आहे.