येतो म्हणायचं असतं

मोजणीच्या कामात जमिनीपेक्षा किस्सेच जास्त हाती लागतात. मुळशीचं धरण बांधत होते, तेव्हा बुडणारी गावं मोजायला आमचा कॅम्प पडला होता. तिथले बहुतेक किस्से आमच्या नानांचे! नाना कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेले, पोटासाठी मोजणीदार झालेले. साखळी ओढता ओढता मनुष्यस्वभावावर लेक्चर चालू!

*

एकदा त्यांनी अशाच एका गावातल्या सरूआजीला विचारलं, "आजी, हे घर तुमचंच, हे कुणी सांगितलं तुम्हाला? मालकी ही मनाची समजूत असते."

म्हातारी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घरानंच सांगितलं की!"

आम्ही हसलो. नानांनी वहीत 'अज्ञान' असा शेरा मारला.

*

पहिल्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढणार ते दाखवायला आम्ही भिंतींवर चुन्याची रेघ मारायचो. एके सकाळी आजीच्या भिंतीवरची रेघ वीतभर वर! जुनी गायब.

"भ्यालेला माणूस भीती फुगवून दाखवतो. गावातल्याच कुणीतरी केलं," नाना म्हणाले.

भिकू धनगर शेळ्या घेऊन चालला होता. थांबून म्हणाला, "आमी कशाला वर नेऊ, सायेब? आमाला तर ती खाली पायजे!"

नानांनी शेरा न मारताच वही मिटली. असं फार क्वचित व्हायचं.

*

गाव उठलं त्या दिवशी जो तो उंबऱ्याला हात लावून "येतो" म्हणत होता. नाना चिडले. "येणार कुठं? इथं पाणी असेल! समाज असा खोट्यावर जगतो. जातो म्हणा!"

कुणी म्हणेना. मग नानाच आजीच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि गावादेखत मोठ्यानं म्हणाले, "जातो!"

आजी पांढरी पडली. "शबुद मागं घ्या, सायेब. जातो म्हनलं की मानूस खरंच जातं. येतो म्हना. घर 'या' म्हनलं की मंग निघा."

नाना हसून गाडीत बसले. मीही हसलो होतो, त्याची आता लाज वाटते.

*

धरण भरल्यावर आम्ही बोटीतून खोली मोजायला गेलो. भर दुपार, वारा अजिबात नाही. भिकू वल्ही मारत होता. आजीच्या घरावर आलो तसा नानांनी शिशाचं वजन बांधलेला दोर सोडला. तो अडकला. मग खाली ओढला जाऊ लागला, आणि दोराचा वेढा नानांच्या मनगटाला! बोट कलली. मी त्यांची कंबर घट्ट धरली. एवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

"म्हना, सायेब!" भिकू ओरडला.

नानांचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला होता. शेवटी कसेबसे पुटपुटले, "येतो."

दोर सैल पडला.

आणि खालून, अगदी स्पष्ट, आवाज आला, "या!"