सोबत अर्जाची प्रत

मी मुळात तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग ठेवूनच देवाने हिला खाली पाठवलीय. नोकरीत हा राग कामाला आला, कारण तहसील कार्यालयात गरीब गाय होऊन बसलं की ज्याला त्याला दावं ओढावंसं वाटतं. नाशिकहून रोज एसटीने तालुक्याला जायचं, माहिती अधिकाराचं टेबल सांभाळायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. लोकांना वाटतं, त्या टेबलावर माहिती देतात. छे! माहिती कशी टाळायची ते त्या टेबलावर शिकतात, आणि मी त्यात चांगली तरबेज होते.

ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात रिकामी, पण ओली गोणी होती. शहराच्या कडेला त्यांचा मळा होता. झेंडू आणि शेवंती करायचे. पहाटे फुलबाजारात माल टाकायचा आणि अकराच्या ठोक्याला आमच्या दारात हजर. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मळ्याच्या वरच्या अंगाला आमच्या तालुक्याच्या हद्दीत एक डोंगर होता, आणि खडीसाठी तो सुरुंग लावून फोडणं चालू होतं. डोंगरातून येणारा ओढा पूर्वी उन्हाळ्यातही वाहायचा, तो आता दिवाळीलाच आटायला लागला होता. खडी क्रशरवाल्याला किती खणायची परवानगी आहे आणि त्याने किती खणलंय, एवढंच त्यांनी अर्जात विचारलं होतं.

"भाऊ, एवढंच विचारलं ना, की इथे सगळ्यांना घाम फुटतो," मी म्हणाले.

"फुटू द्या की ताई. मला बी फुटतोच ना मळ्यात," ते म्हणाले आणि हसले.

मला ते आवडले असं काही नाही. डोक्याला ताप, हेच माझं मत. एका अर्जाला उत्तर दिलं की त्या उत्तरातून ते दुसरा अर्ज काढायचे. रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर बसून शाळेच्या वहीत डंपरचे नंबर लिहायचे आणि ते नंबर आमच्या पावत्यांशी ताडून बघायचे. क्रशरवर काम करणाऱ्या आदिवासी बायांची पोरं धुळीने खोकत असायची, तर त्यांचेही अर्ज हेच लिहून द्यायचे. कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मला मात्र दसऱ्याला टेबलासाठी झेंडूचं तोरण आणून दिलं. मी घेतलं आणि वर सुनावलं, "भाऊ, यानं काम लवकर होणार नाही हं."

"म्हाईतीये. तुमी लाचंला बी ऐकायच्या नाय, फुलांना कुठं ऐकता," ते म्हणाले.

आता एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच घडलं. एकाची कागदपत्रं दुसऱ्याने मागितली, तर पहिल्याला आधी पत्र पाठवून विचारायचं, की तुमची काही हरकत आहे का. इथे तो पहिला म्हणजे क्रशरचा मालक. कोणी मागितलं हे त्याला कळवायची काही गरज नसते. पण पत्रात सगळा मजकूर पुन्हा टाइप कोण करणार? आम्ही अर्जाचीच झेरॉक्स जोडायचो. हे भाऊंनी बरोबर हेरलं होतं.

"ताई, झेरॉक्स काढताना तेवढं नाव, पत्ता, नंबर झाकत जा," ते म्हणाले. "लोकं लय वाईट हाय. घरी मंडळी एकटी असती."

मी झाकायचे. कोऱ्या कागदाची पट्टी कापून अर्जाच्या खालच्या भागावर ठेवायची आणि मग मशीनचं झाकण लावायचं. चार अर्ज मी असे पाठवले. क्रशरवाला आमच्या साहेबांना फोन करकरून विचारायचा, हा कोण आहे म्हणून. साहेब सांगायचे नाहीत, तेवढं त्यांचं श्रेय मी त्यांना देते.

पाचवा अर्ज आला त्या दिवशी साहेबांनी मला सगळ्या स्टाफसमोर झाडलं. वरून कुणाचा तरी फोन आला होता. "तुमच्या त्या फुलवाल्यापायी मी शिव्या खायच्या का?" म्हणाले. तुमच्या त्या! जसा काही तो माझा पाहुणा. मी धुमसत टेबलावर आले. समोर तोच अर्ज. मशीनमध्ये कागद अडकलेला, एसटीला दहा मिनिटं उरलेली. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. मी म्हणाले, "मरू दे, कोण पट्ट्या कापत बसतंय!" हे शब्द मी मोठ्याने म्हटले होते. अर्ज मशीनवर उघडाच ठेवला, प्रत काढली, पत्राखाली "सोबत: अर्जाची छायांकित प्रत" असं टाइप केलं, जावक नंबर टाकला आणि टपालात देऊन गाडी गाठली. गाडीत खिडकी मिळाली म्हणून खूशही झाले.

नवव्या दिवशी त्यांना मारलं. लग्नाच्या मंडपाला झेंडू हवाय, मळा बघायला येतो, असा त्यांच्या मोबाईलवर फोन आला होता. गिऱ्हाईक म्हणून ते पाटाच्या रस्त्यावर घ्यायला गेले. भर दुपारी दोन मोटारसायकलींवरून चौघे आले आणि गजांनी जीव जाईपर्यंत मारून गेले. ऑफिसात चहाच्या वेळी बातमी आली. कुणीतरी म्हणालं, "चला, डोक्याचा ताप गेला." आदल्या आठवड्यापर्यंत ते वाक्य माझं होतं. 

मारणाऱ्यांना भाऊंचा नंबर कुठून मिळाला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मला संशय आला वगैरे असं मी कधीच म्हणणार नाही. मला माहीत होतं.

पोलीस आले. साहेब म्हणाले, अर्जदाराचं नाव आम्ही कुणालाही देत नाही. मी कपाटाला टेकून उभी होते. फाईल माझ्या पाठीमागच्या खालच्या कप्प्यात होती. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आमचे हे आधीच गेलेले, मूलबाळ नाही, चौकशी लागली तर पेन्शन लटकली आणि म्हातारपण दुसऱ्यांच्या दारात. आपण होऊन फासात मान कोण घालतं? मी तोंड उघडलं नाही.

मारणारे चौघे पकडले गेले. क्रशरचा मालकही पकडला गेला, पण जामिनावर सुटला. मग एक दिवस आवक टपालात भाऊंच्या बायकोचा अर्ज आला. नवऱ्याने शिकवलेल्या नमुन्यात, वळणदार अक्षरात: माझ्या मालकांचे नाव व पत्ता आपल्या कार्यालयाने कोणास कळविला, त्या पत्राची प्रत मिळावी. मी एकोणतिसाव्या दिवशी उत्तर दिलं: सदर अभिलेख आढळून येत नाही. आयुष्यात हजार वेळा लिहिलेलं वाक्य. त्या दिवशी ते लिहिताना टायपिंगची एकही चूक झाली नाही.

त्या अपिलात आल्या. साहेबांनी पाच मिनिटांत निकाली काढलं. जिन्यात त्यांनी मला गाठलं. वाटलं, आता ही बाई माझी गचांडी धरणार. त्या म्हणाल्या, "ताई, हे म्हनायचे, त्या हाफिसात एकच बाई भरवशाची हाय. तुमाला सापडंना म्हंजी खरंच नसंल कागद." आणि हात जोडून गेल्या. अगं बाई, शिवी दिली असती तर मी जगले असते!

एवढं होऊनही मी काय केलं? निवृत्तीच्या वर्षी जुन्या फायली नष्ट करायची यादी माझ्याकडे आली. ती फाईल त्या गठ्ठ्यात होती. काढून घेता आली असती. मी यादी टाइप केली, खाली सही केली आणि गठ्ठा जाऊ दिला. दोन महिन्यांनी नारळ, शाल, सत्कार. साहेब म्हणाले, बाईंच्या सेवेवर एक डाग नाही.

गेल्या वर्षी पेपरात आलं, की मालकाच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, माझ्या अशिलाला हा मेलेला माणूस ठाऊकच नव्हता. न नाव माहीत, न नंबर. मालक सुटणार असा एकंदर रंग होता. मी पेपर खाली ठेवला आणि रिक्षा करून मळ्यावर गेले.

त्या ओट्यावर हार ओवत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. झेरॉक्स, पट्टी, राग, उत्तर, यादी. सांगता सांगता रडायला लागले. त्यांनी सुई हारात खोचली.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "तुमी रडल्या का मला तुमाला पानी द्यावं लागंल. आन मला द्यायचं नाय."

मी डोळे पुसले.

"इथं सांगून तुमचं मन हलकं झालं. माझं काय? वकिलाकडं चला."

गेलो. सरकारी वकील म्हणाले, कागदाशिवाय तुमची साक्ष लंगडी आहे, पण द्या. आणि हळूच एक सल्ला दिला: इतके दिवस गप्प का होतात असं विचारतील, तर वरून दबाव होता म्हणा, धमक्या होत्या म्हणा. कुणी शहानिशा करायला जात नाही.

नाशिकच्या कोर्टात मी पिंजऱ्यात उभी राहिले. शेवटच्या बाकावर त्या बसल्या होत्या. पत्र पाठवलं हे मी सांगितलं, प्रत जोडली हेही. मग मालकाचा वकील उठला.

"पत्राची कार्यालयीन प्रत कुठे आहे?"

"नष्ट झाली."

"यादी कोणी केली?"

"मी. सही माझी आहे."

"म्हणजे तुमच्या शब्दाशिवाय काहीच नाही." तो न्यायाधीशांकडे बघून हसला. "बरं बाई, माणूस मेला हे माहीत, पत्र तुम्हीच पाठवलं हे माहीत. मग इतकी वर्षं गप्प का बसलात? कोणाचा दबाव होता?"

दबाव कुणाचाच नव्हता. मला कुणी धमकी सोडा, साधा डोळाही वटारला नव्हता. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"पेन्शनसाठी," मी म्हणाले.

"मोठ्याने बोला," न्यायाधीश म्हणाले. "टायपिस्टला ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने.