कागदावरच्या तीन ओळी

नेटवर्किंगच्या त्या परीक्षेला आम्ही दोघी बसणार होतो. मी मुलुंडची, ती चारकोपची. ऑफिसात टेबलं शेजारी शेजारी. दर रविवारी मी तिच्या घरी जायचे. ऑफिसनं भंगारात काढलेले चार राउटर तिनं मागून आणले होते. ते जेवणाच्या टेबलावर मांडून आम्ही सराव करायचो. त्यांची घरघर इतकी, की तिची आई वैतागून टीव्ही बंद करायची.

मी एकदा अडकले की अडकलेच. एकच चूक तासभर शोधत बसायचे. मग ती माझा हात कीबोर्डवरून उचलायची. "तात्पुरतं काहीतरी लाव आणि पुढे जा गो. नंतर काढ. कागदावर लिहून मात्र ठेव."

परीक्षेला दोन महिने असताना तिची आई पडली, खुबा मोडला. ऑपरेशननंतर चार जिने चढणं अशक्य, आणि आईनं हट्टच धरला, गावी ने. नोकरी सोडून ती आईला घेऊन कुडाळजवळच्या घरी गेली. निघताना म्हणाली, "तू दे. मी पुढच्या वर्षी बघते." मी मान हलवली. दोघींनाही ते खरं वाटत नव्हतं.

परीक्षा अंधेरीच्या केंद्रावर, आठ तासांची. दुसऱ्याच तासाला दोन राउटर एकमेकांना ओळखेनात. त्यांची ओळख पटल्याशिवाय पुढचे पाच प्रश्न सुटणार नव्हते. मी पुन्हा पुन्हा तेच तपासत राहिले. पाऊण तास गेला. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस भराभर टाइप करत होता. ती खुर्ची तिची असायला हवी होती, असं वाटलं आणि डोळेच भरून आले.

मग मीच हात कीबोर्डवरून उचलला. पाणी प्यायले. दोन्ही राउटरना एकमेकांचा पत्ता हातानं लिहून दिला, कागदावर नोंद केली आणि पुढे गेले. दिवसभरात अशा तीन नोंदी झाल्या. दुपारनंतर ताज्या डोळ्यांनी मूळ चूक दिसली: एका आकड्यातले अंक उलटे पडले होते. तो सुधारला. शेवटच्या वीस मिनिटांत कागद समोर घेऊन तिन्ही तात्पुरत्या जोडण्या एकेक करून काढल्या. सगळं चालूच राहिलं.

बाहेर येऊन पहिला फोन तिला केला.

"तात्पुरतं लावलेलं सगळं काढलंस मां?" हा तिचा पहिला प्रश्न.

"काढलं."

"काय काय आलं होतं?"

"सांगता येत नाही गं. प्रश्न बाहेर सांगणार नाही, असं लिहून दिलंय."

"हां, ते असतंच ना," ती म्हणाली. "निदान कुठे अडकलीस ते तरी सांग."

तेवढं मी सांगितलं, सावकाश. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती. मागून आईची हाक आली. "आले," म्हणाली, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

मी पास झाले. ऑफिसात पेढे वाटले. तिच्या टेबलावर आता दुसरी मुलगी बसते, हुशार आहे, माझ्याशी छान वागते. तरी रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मला चारकोपला जावंसं वाटतं. त्या घरात भाडेकरू आलेत, हे ठाऊक असूनही.